सिलिकॉन ट्यूबच्या माहितीपत्रकातील चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: वापरलेल्या अ‍ॅक्वेरियमचे सांधे भरण्याविषयी आपल्या माहितीपत्रकात दिलेल्या सूचना दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीच्या अ‍ॅक्वेरियमसाठीच्या पारदर्शक सिलिकॉनसोबत मिळालेल्या माहितीपत्रकाप्रमाणे काटेकोर काम करूनही माझी टाकी सहाव्या दिवशी गळली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी तक्रार सिलिकॉनच्या दर्जाबद्दल नाही, हे आरंभीच स्पष्ट करते. ती केवळ त्या कागदावर छापलेल्या मजकुराबद्दल आहे.

टाकी वापरलेली घेतली होती. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच. आधीच्या मालकाकडे ती बराच काळ कोरडी पडून होती आणि तळाच्या एका कोपऱ्यात आतल्या सिलिकॉनची कड काचेपासून सुटू लागलेली दिसत होती. पाणी भरण्याआधीच बंदोबस्त करावा म्हणून मी आपली ट्यूब आणली. माहितीपत्रकात म्हटले आहे की, जुना सांधा कोरड्या फडक्याने पुसून त्यावरच नवा थर द्यावा आणि २४ तासांनंतर पाणी भरावे. मी तसेच केले, दोन दिवस वाट पाहून मासेही सोडले. सहाव्या रात्री त्याच कोपऱ्यातून पाणी सुरू झाले आणि पहाटेपर्यंत टाकीत जेमतेम वीतभर उरले. मासे बादलीत हलवता आले, एवढेच समाधान.

आपल्या मदत क्रमांकावर मला बाहेरून आणखी एक थर देण्यास सांगण्यात आले. हा सल्ला पाण्याचा दाब विचारात न घेता दिलेला आहे. एवढ्या आकाराच्या टाकीत सुमारे १८० लिटर पाणी मावते, आणि ती काठोकाठ भरली असता समोरच्या काचेवर बाहेरच्या दिशेने जवळपास ९० किलो वजनाइतका जोर पडतो. आतून लावलेल्या सिलिकॉनला हा दाब काचेवर घट्ट बसवतो. बाहेरून लावलेल्याला तो काचेपासून ढकलून सोडवतो. त्यामुळे बाहेरचे ठिगळ फार तर काही दिवस गळती झाकून ठेवते.

टाकी रिकामी करून मी कोपरा तपासला, तेव्हा नव्या सिलिकॉनची पट्टी जुन्यावरून फितीसारखी अखंड निघून आली. काचेला ती घट्ट धरून होती, जुन्या सिलिकॉनला मात्र तिने मुळीच धरले नव्हते. पूर्ण पक्क्या झालेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन विश्वासाने चिकटत नाही, ही गोष्ट टाक्या बनवणारा प्रत्येक कारागीर जाणतो, आणि आपले माहितीपत्रक नेमके त्याच्या उलट सांगते. म्हणूनच केवळ गळणारा कोपरा भरणेही पुरेसे नसते, कारण जिथे नवा थर संपून जुना सुरू होतो, तिथेच पाण्याला पुढची वाट मिळते.

यानंतर मी आतला सगळा जुना थर, चारही उभ्या कोपऱ्यांतला आणि तळाच्या चारही कडांचा, धारदार पात्याने खरवडून काढला. दोन काचांच्या मधला मूळ सांधा बुडबुडे किंवा पांढरट डाग नसल्यामुळे तसाच ठेवला; पाते त्यात घुसू नये याची काळजी घेतली. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मास्किंग टेप लावली, आपल्याच त्या ट्यूबमधले उरलेले सिलिकॉन भरले, बोटाने एका दमात दाबून सारखे केले आणि त्यावर साय धरण्यापूर्वी टेप काढली. सात दिवस थांबून टाकी सपाट जागी ठेवली, खाली कोरडे कागद अंथरले आणि तीन दिवसांत थोडे थोडे करून पाणी भरले. कागद कोरडे राहिले. टाकी तीच आणि ट्यूबही तीच होती. बदलली ती फक्त पद्धत.

२४ तासांची मुदतही दिशाभूल करणारी आहे. असे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत पक्के होत जाते, आणि साधारण हवेत त्याचा वेग दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच असतो. कोपऱ्यात दोन्ही बाजूंना काच असल्यामुळे हवा एकाच बाजूने लागते, म्हणून जाड थर वरून कोरडा वाटला तरी आत ओलाच असतो. व्हिनेगरसारखा वास पुरता जाईपर्यंत थांबावे, एवढे एक वाक्य छापले असते तरी बरेच नुकसान टळले असते.

माझ्या मागण्या अशा आहेत. जुन्या सांध्यावर थर देण्याची सूचना तातडीने काढून जुना थर पूर्ण खरवडण्याची सूचना छापावी. थराच्या जाडीप्रमाणे थांबण्याचा काळ द्यावा. आणि मदत क्रमांकावरील कर्मचाऱ्यांना बाहेरून ठिगळ लावण्याचा सल्ला देण्यापासून थांबवावे. आणखी एक गोष्ट: आपल्या बाथरूमसाठीच्या सिलिकॉनचे वेष्टन या ट्यूबसारखेच दिसते, पण त्यात माशांना घातक ठरू शकणारे बुरशीनाशक असते. दोन्हींचे रंग वेगळे करावेत आणि ‘अ‍ॅक्वेरियमसाठी नाही’ हे शब्द त्या ट्यूबच्या दर्शनी बाजूस मोठ्या अक्षरांत असावेत.

निघून आलेल्या पट्टीची छायाचित्रे, माहितीपत्रकाची प्रत आणि खरेदीची पावती सोबत जोडली आहे. या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक ग्राहक