रात्रभर मंद आचेवर शिजणारी कोंबडी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘स्लो कुकर’मध्ये, म्हणजे तासन्‌तास मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या, आतून जाड मातीच्या भांड्यात करायच्या कोंबडी आणि पावाच्या सारणाची सोपी कृती अलीकडेच वाचली आणि मनापासून आनंद झाला, कारण गेली सहा वर्षे हे भांडे आमच्या बोरिवलीच्या घरात दर आठवड्याला वापरले जाते आणि त्याविषयी मराठीत लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते. मात्र ती कृती मुंबईत जशीच्या तशी करायला घेतली, तर ती घड्याळापाशी अडते. त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले. पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे.

कोंबडीच्या छातीचे बिनहाडाचे तुकडे तळाशी ठेवायचे, त्यांवर डब्यातले घट्ट सूप ओतायचे, वर पाकिटातले कोरडे सारण पसरायचे, झाकण लावायचे आणि ‘लो’ म्हणजे मंद आचेच्या खुणेवर चार ते सहा तास ठेवून कामाला निघून जायचे, असे त्या कृतीत सांगितले आहे. मी सकाळी साडेसातला घर सोडते, फोर्टमधले कार्यालय सुटले की चर्चगेटहून बोरिवलीची जलद गाडी धरते आणि पावणेआठला घरी पोहोचते. म्हणजे भांडे बारा तास चालू राहणार. छातीच्या मांसात चरबी कमी आणि तंतूंना बांधून ठेवणारे चिवट पडदेही कमी, त्यामुळे सहा तासांनंतर त्यातला रस निघून जातो आणि बाराव्या तासाला ताटात सुतळीसारखे धागे येतात. वरच्या पावाचा तोवर लगदा झालेला असतो. पहिल्या वर्षी मी हे दोनदा केले आणि दोन्ही वेळा घरच्यांनी काही न बोलता ते खाल्ले, याचे मला आजही वाईट वाटते.

यावर सॉकेटला टायमर लावण्याचा उपाय अनेक जण सुचवतात: सकाळी सगळे भरून ठेवायचे आणि भांडे दुपारी एक वाजता आपोआप सुरू होऊ द्यायचे. कृपा करून असे कोणीही करू नये. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात कच्च्या मांसातले जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणूनच कच्ची कोंबडी फ्रिजबाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली असेल तर एका तासाहून अधिक ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. मे महिन्यात काय आणि ऑक्टोबरात काय, आपल्या बंद घरांतल्या ओट्यावर दुपारी किती तापते ते मुंबईकरांना सांगायला नको. पुढे शिजवल्यावर जिवाणू मरतात हे खरे, पण त्यांपैकी काहींनी आधीच तयार केलेले विष शिजवूनही जात नाही. याच कारणाने बर्फासारखी गोठलेली कोंबडी थेट या भांड्यात घालू नये. ती आदल्या रात्रीपासून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटी करून घ्यावी, कारण एवढ्या मंद आचेवर गोठलेला तुकडा धोक्याच्या टप्प्यातून बाहेर यायला फार वेळ घेतो.

मग नोकरी करणाऱ्या घराने काय करावे? आमच्या घरापुरते उत्तर मला सापडले आहे आणि ते रात्रीचे आहे. जेवणे आवरल्यावर साडेदहाला कोंबडी भांड्यात घालायची, ‘लो’वर लावायचे आणि झोपायचे. सकाळी साडेपाचला उठल्यावर बरोबर सात तास झालेले असतात. या भांड्याला शिट्टी नाही, गॅसची ज्योत नाही, आणि आमचे साडेतीन लिटरचे भांडे २०० वॅटच्या आसपास वीज घेते, म्हणजे सात तासांना दीड युनिटही लागत नाही. स्वयंपाकघराला लागूनच अंथरुणे घालावी लागतात अशा लहान घरातही त्याचा त्रास होत नाही. वास मात्र पहाटे घरभर असतो.

माझ्या सासूबाईंचे माहेर अलिबागजवळचे. त्यांनी हे भांडे पहिल्यांदा चालताना पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, “हा तर विजेचा वैल!” ज्यांनी मातीची चूल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, चुलीच्या शेजारी तिच्याच उरलेल्या आचेवर चालणारे दुसरे तोंड असते तो वैल, आणि मुख्य चुलीवर भाकऱ्या होत असताना त्यावर आमटी किंवा दूध सावकाश आटत राहते. सासूबाईंच्या गावाकडे थंडीत वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात कोंबून ते मडके जाळात उपडे घालतात, ती पोपटी तर सर्वांना ठाऊक आहेच. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांचा १९१० सालचा इकमिक कुकरही याच जातीचा होता: खाली निखारे, वर डबे, आणि माणूस कामावर मोकळा. म्हणून या भांड्याला परके म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आणि त्याचा जन्मही रात्रीच्याच स्वयंपाकातून झाला, हे मला विशेष वाटते. शिकागोचे आयर्विंग नॅक्सन यांना या भांड्याचे पेटंट १९४० साली मिळाले. लिथुएनियातील ज्यू कुटुंबे शनिवारी, म्हणजे आपल्या विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवीत नसत. शुक्रवारी संध्याकाळी मांस, कडधान्य आणि बटाट्यांचे मडके गावातल्या बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवले जाई आणि दुसऱ्या दिवशी ते घरी आणून खाल्ले जाई. नॅक्सन यांच्या आईने सांगितलेली ही आठवण त्यांना यंत्र सुचण्यास कारण झाली. पुढे १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते अमेरिकेच्या बाजारात आले, तिथल्या नोकरदार स्त्रियांनी ते दिवसा लावायला सुरुवात केली, आणि पाकिटातले सारण १९७२ मध्ये आल्यावर ही कोंबडी-सारणाची जोडी जमली. मी ते पुन्हा रात्री लावते, एवढेच.

आता प्रत्यक्ष कृतीबद्दल. मांडीचे आणि तंगडीचे हाडासकट तुकडे घ्यावेत, एक किलो. या भागातले चिवट पडदे ओलसर मंद आचेवर हळूहळू विरघळतात आणि त्यांचा मऊ चिकट रस होतो, म्हणून सात तासांनीही मांस कोरडे पडत नाही. तळाशी तीन कांद्यांच्या जाड चकत्या, वर कोंबडी, मीठ, चमचाभर ठेचलेली मिरी, सहा-सात लसूण पाकळ्या, एक तमालपत्र आणि पाणी केवळ अर्धी वाटी. येथे बहुतेकांची चूक होते: रस्सा करतो तसे दोन-तीन वाट्या पाणी ओतले जाते. या भांड्याचे झाकण वाफ धरून ठेवते, पाणी जवळजवळ उडतच नाही, कोंबडी आणि कांदा स्वतःचे पाणी सोडतात, आणि सकाळी भांड्यात पांचट पाणी दिसते. भांडे निम्म्याहून अधिक आणि दोन तृतीयांशांहून कमी भरलेले असावे. झाकण मध्येच उघडू नये. एकदा उघडले की गेलेली ऊब परत यायला वीस-पंचवीस मिनिटे जातात, आणि रात्री झोपलेला माणूस ते उघडत नाही हा आमच्या पद्धतीचा आणखी एक लाभ. दूध, साय किंवा दही सुरुवातीला घातल्यास फाटते. डब्यातल्या सुपाऐवजी मी संध्याकाळी चमचाभर लोण्यात चमचाभर मैदा परतून त्यात वाटीभर दूध आणि तेवढाच कोंबडीचा रस घालते. दाटपणा तोच येतो आणि मीठही आपल्या हातात राहते.

सकाळी भांडे बंद केल्यावर कोंबडी त्याच जाड मातीच्या भांड्यात ठेवू नये, कारण ते तासन्‌तास गरम राहते. ती पसरट थाळ्यात काढावी. सासूबाई सावकाश हाडे वेगळी करतात, रस गाळून बाटलीत भरला जातो, आणि मी घराबाहेर पडण्यापूर्वी, म्हणजे दोन तासांच्या आत, दोन्ही फ्रिजमध्ये जातात. संध्याकाळी गॅसवर चांगली उकळी आणूनच वाढायचे. गरम करण्याचे काम या भांड्याकडून करून घेऊ नये. त्याला फार वेळ लागतो.

सारणाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण पुरवणीतील कृतीत त्याला ‘पाकिटातले स्टफिंग’ म्हणून दोन शब्दांत मोकळे केले आहे. आपल्याकडे सारण म्हटले की मोदक आणि करंजी आठवते, तिखट म्हटले तर भरली वांगी. पावाचे सारण मुंबईला नवे नाही. माझे माहेर गिरगावचे. खोताच्या वाडीत आमच्या ओळखीचे एक ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती समाजातले, कुटुंब होते आणि नाताळात त्यांच्याकडून पाव, कलेजी आणि कांद्याचे सारण भरलेल्या कोंबडीची बशी आमच्याकडे येत असे. सारणाचा तो घास मला अजून आठवतो. मात्र अख्खी कोंबडी भरून स्लो कुकरमध्ये घालू नये. पोटातल्या सारणापर्यंत कोंबडी सुरक्षित होण्यास लागणारी ७४ अंशांची उष्णता पोहोचायला फार उशीर होतो.

सारणासाठी आदल्या दिवशीचे चार ब्रून पाव घ्यावेत. इराण्याच्या हॉटेलात चहात बुडवून खातो तो कडक पाव या कामाला पाकिटातल्या तुकड्यांपेक्षा कितीतरी सरस आहे, कारण त्याचे कवच रस पिऊनही आकार सोडत नाही. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून तव्यावर मंद आचेवर कोरडे करावेत; पावसाळ्यात तर हे टाळूच नये, कारण सकाळी आणलेला ब्रून संध्याकाळपर्यंत दमट हवेने वातड होतो. लोण्यात एक मोठा कांदा आणि सेलरीचे दोन दांडे बारीक चिरून परतावेत. सेलरी न मिळाल्यास मी कोथिंबिरीचे कोवळे देठ घालते. परदेशी कृतीत थाइम नावाचा पाला लागतो. त्याला सुगंध देणारे थायमॉल आपल्या ओव्यातही असते, म्हणून चिमूटभर ओवा तळहातावर चुरडून घातला की तो वास जवळजवळ तंतोतंत येतो. ओवा जास्त झाला तर मात्र भज्यांचा वास येतो. मग पावाचे तुकडे घालून वर सव्वा वाटी गरम रस फिरवावा, पाच मिनिटे झाकावे, आणि झाकण काढून खालची बाजू खरपूस होऊ द्यावी. गॅसवर पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे, आणि सारण झाकणाखालच्या वाफेत भिजून लगदा होण्याचा प्रश्नच उरत नाही. रविवारी घरी असताना ज्यांना सगळे एकाच भांड्यात करायचे असेल, त्यांनी शेवटच्या तासात सारण वर पसरावे आणि झाकणाखाली स्वच्छ सुती पंचा ताणून धरावा. थेंब त्यात जिरतात. पंच्याची टोके झाकणावर वळवून ठेवावीत, तापलेल्या बाजूंना लागू देऊ नयेत.

विजेबद्दल दोन गोष्टी, कारण त्यांचा अनुभव आम्ही पैसे आणि धूर दोन्ही खर्चून घेतला आहे. आमचे पहिले भांडे धाकट्या दिरांनी अमेरिकेहून आणले होते. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झाले की भांड्यातली तार जवळजवळ चौपट उष्णता देते, आणि ते भांडे पहिल्याच संध्याकाळी जळाले. नातेवाइकांनी प्रेमाने आणलेले असे उपकरण लावण्यापूर्वी त्याच्या बुडाखालचा आकडा जरूर वाचावा. दुसरी गोष्ट वीज जाण्याची. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी महामुंबईची वीज एकाएकी गेली आणि लोकलही थांबल्या, हे अनेकांना आठवत असेल. अशा दिवशी बंद घरात भांडे चालू असते, तर आतले अन्न किती वेळ कोमट राहिले हे परतल्यावर कळायला मार्ग नसता, आणि वरून शिजलेले दिसले तरी ते टाकूनच द्यावे लागले असते. रात्री तसे होत नाही. मुंबईत रात्री वीज गेली की पंखा थांबतो आणि अख्खे घर जागे होते. त्या वेळी कोंबडी काढून गॅसवर पुरती शिजवून घेता येते.

शाकाहारी वाचक या भांड्यात राजमा शिजवणार असतील तर त्यांनी भिजवलेला राजमा आधी गॅसवर किमान दहा मिनिटे खळखळ उकळून घ्यावा, कारण त्यातले एक विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही.

आपणांस विनंती अशी की पुरवणीत यापुढे अशा कृती छापताना मांसाचा कोणता भाग घ्यायचा, तो हाडासकट की बिनहाडाचा, वजन ग्रॅममध्ये किती, उष्णता सेल्सिअसमध्ये किती आणि ठरलेल्या वेळेनंतर भांडे किती तास तसेच राहिले तर चालेल, हे अवश्य द्यावे. शेवटची माहिती सर्वांत गरजेची आहे, कारण कर्जत, कसारा, विरार आणि पनवेलपर्यंत पसरलेल्या आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना चार-सहा तासांत घरी परतता येते.

एक शंका मात्र माझ्याकडे उरली आहे. आमच्याकडे बुधवारी ब्रॉयलर कोंबडी येते आणि तिला सात तास नेमके पुरतात, पण गावाहून कधी गावठी कोंबडी आली की तिचे गणित जमत नाही. एकदा सात तासांनी ती चिवट राहिली, तर पुढच्या खेपेला नऊ तासांनी तंगडी मऊ आणि छाती कोरडी झाली. आपल्या वाचकांपैकी कोणी मंद आचेवर गावठी कोंबडीचा वेळ नेमका बसवला असेल, तर त्यांनी कोंबडीच्या वजनासह याच सदरातून कळवावे.

आपली नम्र,
एक वाचक
बोरिवली (पश्चिम), मुंबई