बर्फात पांढरी पडणारी बोटे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी देवगड तालुक्यातील एका किनारी गावात राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. हे पत्र स्क्लेरोडर्मा या, त्वचा व आतले अवयव ताठ करत जाणाऱ्या आजाराविषयी आहे. माझ्या धाकट्या जावेला तो झाला आहे. तो ओळखला जाईपर्यंत चार वर्षे गेली आणि त्या काळात तिच्या फुप्फुसांची जी हानी झाली, ती आता भरून येणारी नाही.

ती बंदरावर मासळी निवडायला जात असे. पहाटे होड्या लागल्या की बर्फाच्या क्रेटमध्ये हात घालून बांगडा एकीकडे, सुरमई एकीकडे करायची. एका हिवाळ्यात तिची बोटे मधल्या पेरापासून टोकापर्यंत खडूसारखी पांढरी पडू लागली. पांढरा भाग कुठे सुरू होतो ते रेघ मारल्यासारखे स्पष्ट दिसे. थोड्या वेळाने ती जांभळी होत आणि चुलीशी शेकली की लाल होऊन ठणकत. मी विचारले तर म्हणाली, “बर्फात हात घातल्यार ह्या होतलाच, वयनी.” 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात त्रास कमी होई, त्यामुळे सगळा दोष बर्फाचाच, अशी आम्हा सर्वांचीच खात्री झाली. गारठ्याने नुसता त्रास उमटत होता. मूळ दुखणे रक्तवाहिन्यांत होते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, तेथे दाह सुरू होतो, आणि जखम भरण्यासाठी तयार होणारे कोलॅजेनचे तंतू गरज संपल्यावरही साठत राहतात. त्यामुळे त्वचा जाड व ताठ होते. तेच तंतू अन्ननलिकेत, फुप्फुसांत व हृदयातही साठू शकतात. हा रोग संसर्गजन्य नाही. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो आणि बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे घराचा सगळा भार बाईच्या अंगावर असतो त्या वयात, सुरू होतो. गारठ्याने बोटे पांढरी पडणे हे बहुतेक रुग्णांमधले पहिले लक्षण असते. तशी बोटे पांढरी पडणाऱ्या पुष्कळ निरोगी तरुणींना पुढे काहीही होत नाही, हेही सांगायला हवे. परंतु तिशीनंतर हा त्रास नव्याने सुरू झाला आणि बोटे सुजून अंगठी निघेनाशी झाली, तर तपासणी टाळू नये.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आरतीला ती माझ्या शेजारी उभी होती. तिने हात जोडले, पण तळवे एकमेकांना टेकेनात. बोटांच्या मधून समईची ज्योत दिसत होती. भाकरीचा घास तोंडात मावेनासा झाला होता, जेवल्यावर छातीत जळजळ होई, आणि बंदरावरून घरी येणारी घाटी चढताना ती दोनदा बसू लागली होती. बोटांच्या टोकांना जखमा झाल्या तेव्हा वाडीत कुष्ठरोगाची कुजबूज झाली. एका डॉक्टरांनीही तीच शंका घेतली. वास्तविक कुष्ठरोगात चट्ट्याची संवेदना जाते, तर हिच्या जखमा हात लावू देत नव्हत्या. पुढे दुसऱ्या एका दवाखान्यात संधिवात समजून तिला स्टेरॉइडच्या गोळ्या मोठ्या मात्रेत देण्यात आल्या. स्क्लेरोडर्मात अशा मात्रेने मूत्रपिंडावर अचानक संकट ओढवण्याचा धोका वाढतो, रक्तदाब एकाएकी भडकतो, हे आम्हाला नंतर कळले. तिच्यावर तो प्रसंग आला नाही, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

निदान मुंबईला झाले, दिराच्या खोलीत तीन आठवडे राहून. प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटल्याची खूण शोधणारी एएनए रक्तचाचणी, छातीचा एचआरसीटी हा बारकाईचा स्कॅन, फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी आणि हृदयाची टूडी इको, म्हणजे सोनोग्राफी, एवढ्या तपासण्या लागल्या. आता ती प्रतिकारशक्तीला आवर घालणारे मायकोफिनोलेट घेते, बोटांसाठी रक्तवाहिन्या सैल करणारे निफेडिपिन घेते, आणि मशेरी तिने सोडली आहे, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. दडस झालेली त्वचा पूर्ववत करणारे औषध अद्याप नाही. मात्र फुप्फुसांची हानी बऱ्याच रुग्णांत रोखता येते, किमान मंद करता येते, आणि 2019 पासून त्यासाठी निन्टेडानिब हे औषधही जगात मान्य झाले आहे. रोग किती लवकर हाती लागतो, यावर पुष्कळ काही ठरते.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. कुष्ठरुग्ण शोधण्यासाठी आशाताई घरोघर जातात, हात पाहतात. त्याच भेटीत त्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात : गारठ्याने बोटे पांढरी पडतात का, आणि नमस्कार करताना तळवे पूर्ण जुळतात का. याला पैसा लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून डोळे तपासण्याच्या ऑफ्थॅल्मोस्कोपने तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या पाहण्याचे प्रशिक्षण द्यावे. फुगलेल्या, वेड्यावाकड्या किंवा तुटलेल्या रक्तवाहिन्या दिसल्या, तर रुग्णाला पुढे पाठवण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

आणि पुढे म्हणजे कुठे? सिंधुदुर्ग व रत्नागिरी येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे महिन्यातून एक दिवस जरी मुंबईहून संधिवाततज्ज्ञ आले, तरी आमच्या बायकांची रात्रभराची रेल्वे आणि नातेवाइकांच्या खोलीतला तो संकोच वाचेल. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. या आजाराचा खरा भार मात्र वर्षानुवर्षे चालणाऱ्या गोळ्यांचा आहे, तेव्हा त्या जिल्हा रुग्णालयातून मोफत मिळाव्यात.

आणखी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधते. एडिंबरोच्या बायरम ब्रॅमवेल या डॉक्टरांनी 1914 सालीच आपल्या या रोगाच्या रुग्णांत पाथरवट अधिक असल्याचे नोंदवले होते, आणि 1957 साली दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांविषयी तसेच लिहिले गेले. सिलिकाची धूळ श्वासावाटे जाणे हे या रोगाच्या ज्ञात कारणांपैकी एक आहे. आमच्या जिल्ह्यातल्या कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. तेथील कामगारांची छाती तपासताना त्यांची बोटेही तपासली जावीत, असा आदेश आपण द्यावा.

बंदरावर आजही पहाटे पन्नासेक बायका बर्फात हात घालून बसतात. त्यांच्यापैकी दोघींची बोटे पांढरी पडतात, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यांना मी कोणत्या आरोग्य केंद्रात, कोणत्या दिवशी पाठवावे, एवढे आपल्या खात्याने मला लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, देवगड तालुका