आबा, तुम्ही कासरा तिच्या हातात दिलात

आबा, राम राम.

तुम्हाला मोबाईलवर वाचता येत नाही हे माहितीये, म्हणून तुमच्या नातवाला सांगितलंय की हे मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नको. पुण्याला येऊन चार दिवस झाले, कपडे दोनदा धुतले, केळीच्या चिकाचे डाग काही निघत नाहीत, निघणार पण नाहीत, मी रावेर तालुक्याची लेक आहे मला माहितीये ते, आणि धाकटीचा तो फ्रॉक मी टाकणारही नाही. निघताना तुमच्याशी नीट बोलले सुद्धा नाही. गाडीत सामान भरायची घाई, डोक्यावर ते आपलं मे महिन्याचं ऊन, आणि खरं सांगू का, तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. एप्रिलमध्ये धाकटीला इथल्या एका समर कॅम्पला घातलं होतं. पत्रकात मोठ्या अक्षरात होतं, मुलं स्वतःच्या हाताने तराफा बनवणार. तिथे गेल्यावर काय, तर प्लास्टिकचे ड्रम आधीच बांधून तयार, पोरांनी एकेक करून बसायचं, फोटो, उतरा, पुढचा चला. ही पाण्याला घाबरते, बसली नाही. तर तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, ही भित्री आहे, हिला बॅगा सांभाळू दे. आणि उरलेले तीन दिवस ती खरंच बॅगांपाशी बसून होती. आठ वर्षांची पोर! घरी येऊन एक शब्द बोलली नाही, मला दुसऱ्या एका आईकडून कळलं. फोन केला तर म्हणे मॅडम, एका मुलासाठी सगळ्यांना थांबवता येत नाही. अजून राग गेलेला नाही माझा.

त्यामुळे माहेरी आल्यावर मोठ्या मुलाने तराफ्याचा हट्ट धरला तेव्हा मी नाहीच म्हणत होते. भाऊ म्हणाला शेततळ्यात करा, जवळ आहे. तुम्ही बांधावर बसला होतात, तिथूनच ओरडलात, शेततळ्याचं नाव काढू नका, त्या प्लास्टिकच्या कागदाला शेवाळ धरतं, चांगला पोहणारा पण एकदा घसरला की काठाला हात टिकत नाही. आणि कोणी न बोलावता उठलात, पोरांना घेऊन तापीवर गेलात. हतनूर धरणाचं पाणी मागे चढतं तिथे काठ वरून दिसतो सपाट, पण रेती उपसून कुठे खड्डा केलाय ते दिसत नाही, म्हणून या वयात तुम्ही स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरून बांबूने तळ टोचत टोचत सगळी जागा बघितलीत, आणि जिथवर पोरांनी जायचं तिथे खूण म्हणून तो बांबूच रोवलात. आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं आबा.

तराफा कसा बांधला ते लिहीत बसत नाही. घड कापलेल्या केळीच्या बागेत खोडं पडलेलीच असतात, ती पोरांनीच ओढत आणली. एक खोड तुम्ही विळ्याने आडवं कापलंत आणि आतल्या जाळीसारख्या हवेच्या खोल्या दाखवल्यात, तेव्हा आमचा मोठा, जो शाळेत प्लावक बल पाठ करून आलेला, एकदम म्हणाला, अच्छा, म्हणून तरंगतं होय! नुसती दोरी बांधली तर खोडात रुतते आणि सगळं सुटतं, आरपार बांबूच्या खुंट्या ठोकायला लागतात, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. तरी दोनदा सुटू दिलंत, तंबाखू मळत शांत बसून राहिलात, तिसऱ्यांदा त्यांचं त्यांनाच सुचलं. माझ्याने इतकं गप्प बसवलं नसतं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच.

सगळी पोरं तराफ्यावर चढायला भांडत होती आणि ही माझी लांब झाडाखाली, चपलांच्या ढिगाशी. परत तेच. मी उठणार होते, तिला समजावणार होते, बहुतेक रागावलेही असते. तेवढ्यात तुम्ही घरून आणलेला कासरा काढलात, बैल विकले तरी जपून ठेवलेला तो, एक टोक तराफ्याला बांधलंत आणि दुसरं टोक तिच्याकडे नेऊन म्हणालात, "माय, हे धर. आधी मी बसून बघतो. मी हात वर केला की ओढायचं, तू ओढलं तरच मी येईन." आणि खरंच बसलात. धोतर भिजलं, तराफा कलला, पोरं हसायला लागली, तुम्ही मात्र कोणाकडे न बघता फक्त तिच्याकडे बघत होतात. हात वर केलात. ती ओढायला लागली, दोन्ही पाय रेतीत रोवून, दात आवळून, आणि तुम्ही हळूहळू काठाला आलात. उतरताना तिच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणालात, "मजबूत हात आहे पोरीचा."

भित्री नको होऊस, घाबरायचं काय त्यात, असलं एक वाक्य तुमच्या तोंडून आलं नाही. त्या दिवशी प्रत्येक पोराला हिनेच काठाला ओढून आणलं, कासरा दुसऱ्याला द्यायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी आपणहून तुमच्यापाशी येऊन म्हणाली, आबा, आता तुम्ही धरा, मी बसते.

मी शिकलेली, मुलांवरची पुस्तकं वाचलेली बाई, मला हे जमलं नव्हतं. कुठलं पोर कशाने दुखावलंय हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, तुम्ही विचारलंही नाही, नुसतं बघितलंत. अशी माणसं गावोगाव असतात, नदीकाठी, पारावर, एसटी स्टँडवर, कोणाच्याही पोराकडे आपल्यासारखं बघणारी, आणि आपण त्यांना कधी सांगत नाही. पैसे द्यायला गेले तर तुम्ही रागावलात, म्हणून धोतरजोडी पाठवतेय, ती मात्र परत करू नका.

हातावरचे कासऱ्याचे वळ अजून आहेत तिच्या, शेजारच्या सगळ्यांना दाखवून झालेत. आणि तिने विचारायला सांगितलंय की तराफा अजून तिथेच आहे का. मी म्हटलं केळीची खोडं दहा-पंधरा दिवसात कुजायला लागतात. तरी एकदा बघून सांगा, आणि जे असेल ते खरंच सांगा, तिला चालेल. दिवाळीत आम्ही येतोय.