मैदान आहे, पण कुलूप लावलेलं

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी पुण्यात पेठांच्या भागातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. प्राध्यापक भरती, तासिका तत्त्वावरचं मानधन, रखडलेल्या शिष्यवृत्त्या हे सगळं आपल्या टेबलावर असताना माझा विषय कदाचित चैनीचा वाटेल. कॉलेजातल्या मुलामुलींना दिवसातून तासभर तरी झाडाखाली बसायला, पाय मोकळे करायला, चेंडू मारायला जागा मिळावी, एवढीच मागणी आहे.

'शहरात जागाच कुठे आहे?' हे उत्तर मला पाठ आहे. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण बऱ्याच महाविद्यालयांत जागा असते आणि ती विद्यार्थ्यांना वापरता येत नाही. जागा नसेल तर कोट्यवधी रुपये लागतील. असलेली जागा वापरू द्यायला एक शासन निर्णय पुरतो, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

आमच्याकडचंच सांगते. मुख्य इमारतीमागे मैदान आहे, त्याला लोखंडी फाटक आहे आणि फाटकाला कुलूप. किल्ली कार्यालयात. कार्यालय म्हणतं, क्रीडा संचालकांची सही आणा. ते पद रिक्त आहे. शनिवार-रविवारी मात्र तेच फाटक सताड उघडं असतं, कारण तेव्हा मैदान बाहेरच्या क्रिकेट अकादमीला भाड्याने दिलेलं असतं. समोरच्या अंगणात पूर्वी कडुलिंबाला पार होता. तो काढून दुचाकींसाठी पिवळे पट्टे आखले आणि पेव्हर ब्लॉक अगदी बुंध्याला भिडवले. मधल्या सुट्टीत कँटीन भरलेलं असतं, वर्गात डबा खायला मनाई आहे. मग मुली पार्किंगमध्ये जातात आणि दोन गाड्यांच्या मधे, अ‍ॅक्टिव्हाच्या सीटवर डबे उघडून जेवतात. एकीच्या हातात पोळी, दुसरीच्या मांडीवर भाजीचा डबा, आणि कोणी गाडी काढायला आलं की सगळ्याजणी उठून उभ्या.

यात कोणी एक खलनायक नाही. अनुदान वेळेवर न मिळाल्यावर संस्था मैदान भाड्याने देणारच, हे मलाही कळतं. पण मग भाडं किती येतं, ते कशावर खर्च होतं आणि विद्यार्थ्यांसाठी किती तास राखून ठेवले आहेत, हे विचारायचं कोणी?

महाविद्यालयांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी नॅक ही संस्था विचारेल असं आम्हाला वाटलं होतं. त्यांच्या निकषांत हरित परिसर आहे, पादचाऱ्यांसाठी मार्ग आहेत, वाहनांवर मर्यादा आहे, हरित लेखापरीक्षणही आहे. प्रत्यक्षात काय होतं, हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा. समिती यायच्या आदल्या आठवड्यात नर्सरीतून भाड्याने कुंड्या येतात. व्हरांड्यात ओळीने मांडल्या जातात, त्यांच्याशेजारी प्राचार्य उभे राहतात, जिओटॅग केलेले फोटो निघतात. समिती गेली की टेम्पो येऊन कुंड्या घेऊन जातो. कायमची हिरवळ जिथे असते तिथे 'गवतावर बसू नये' अशी पाटी असते. फोटोत हिरवं दिसलं की गुण मिळतात. त्या हिरव्यावर कोणी बसतं का, असा रकाना मला तरी कुठे दिसला नाही.

पर्यावरण हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालामुळे अभ्यासक्रमात आला आणि पुढे सगळ्या शाखांना सक्तीचा झाला. आमची मुलं तो ट्यूबलाइटखाली शिकतात आणि प्रकल्प नेटवरून उतरवतात. नव्या शैक्षणिक धोरणात क्रीडा, योग, आरोग्य यांना श्रेयांक (क्रेडिट) दिले, ते स्वागतार्हच आहे. पण श्रेयांक देताना मैदानाची किल्लीही द्यायला हवी होती. खेळाचे गुण जर पीपीटीवर मिळणार असतील, तर तो तास भूगोलाला द्या, मी आनंदाने घेईन.

पुण्याचं नाव निघालं की लोक म्हणतात, तुम्हाला काय कमी? खरं आहे. गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा ४११ एकरांचा परिसर आहे. फर्ग्युसनच्या मागे हनुमान टेकडी आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०५ साली भारत सेवक समाजाची शपथ घेतली ती याच टेकडीवर, कोणत्या सभागृहात नव्हे. सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचा बोट क्लब तर आमच्या शहराचं भूषण. मुळा नदीत वल्ही मारणारी ती मुलं आणि त्यांचं रेगाटा, म्हणजे नौकांचा सोहळा, पाहायला होणारी गर्दी आपणही पाहिली असेल. जलपर्णी माजली की त्यांनाही काठावर हात चोळत बसावं लागतं, ती गोष्ट निराळी.

पण ही श्रीमंती कोणाच्या वाट्याला येते? ज्यांचं कॉलेज तिथे आहे त्यांच्या. पेठांतल्या, हडपसर-धनकवडीकडच्या, खाली दुकानं आणि वर वर्ग अशा इमारतींतल्या मुलांचं काय? सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एकदा डोकावून पाहा. लातूर, बीड, नांदेडहून आलेली मुलं प्लायवूडच्या खणात सकाळी बसतात ती रात्री उठतात. त्यांचं बाहेर येणं म्हणजे चहाची टपरी, आणि तीही फुटपाथवर, पीएमपी बसच्या धुरात. गावाकडे ज्यांचं निम्मं आयुष्य शिवारात गेलं, त्यांना इथे आभाळ दिसतं ते दोन इमारतींच्या फटीतून. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मुलं तेवढा वेळ टपरीपर्यंत जाण्यायेण्यातही घालवत नसतील.

यांच्यासाठी महापालिकेची उद्यानं आहेत, असं म्हणाल. आहेत, आणि चांगली आहेत. पण पुण्यातली बहुतेक उद्यानं सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. कॉलेज सकाळी असतं. मुलं मोकळी होतात बारा-एकला, तेव्हा उद्यानाच्या फाटकावर कुलूप. संध्याकाळी उद्यान उघडतं तेव्हा मुलं क्लासला किंवा कामावर. ज्येष्ठांच्या आणि लहान मुलांच्या सोयीने ठरवलेली ही वेळ आहे, त्यात विद्यार्थ्याचा विचार झालेलाच नाही. उद्यानं आपल्या खात्याकडे नाहीत, नगरविकासकडे आहेत. पण एका मंत्र्याने दुसऱ्या मंत्र्याला फोन करावा, इतकं तर मंत्रिमंडळात होत असेल.

मुंबईत माटुंग्याला बघा. रुइया, पोदार, व्हीजेटीआय, आयसीटी अशा संस्था हाकेच्या अंतरावर आणि जवळच पाच उद्यानांचा तो परिसर. कोणत्याही दिवशी गेलात तरी बाकांवर, झाडांखाली विद्यार्थी दिसतात. वह्या पसरलेल्या, कोणाची एकांकिकेची तालीम चाललेली. कॉलेजचं अंगण लहान असलं तरी शहराचं अंगण जवळ आहे. हे कोणी धोरण आखून केलेलं नाही, पण धोरण म्हणून उचलता येईल असं आहे.

मुलींचा मुद्दा मात्र वेगळा काढून बोलायला हवा. मैदान उघडं असलं तरी त्यावर मुलगे पसरलेले असतात आणि मुली कडेकडेने निघून जातात. टेकडीवर लूटमारीच्या बातम्या आल्या की घरून पहिला फोन मुलींना येतो: 'तिकडे फिरकायचं नाही.' वसतिगृहाचं दार रात्री लवकर बंद होतं, आणि त्याआधीचा जो काय उजेड असतो तो प्रॅक्टिकलमध्ये संपतो. मुलींसाठी मैदानावर राखीव तास, दिव्यांची सोय, एखादी महिला सुरक्षारक्षक आणि जवळ स्वच्छतागृह, इतकं केलं तरी चित्र पालटेल. माझ्या वर्गातल्या मुलींनी मागितलं ते याहून कमी होतं. त्यांना फक्त डबा खायला सावलीतला कट्टा हवा होता.

टेकड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून न्यायचा प्रस्ताव वर्षानुवर्षं मान वर काढतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये ही टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर मोठ्या संख्येने मोर्चात उतरले, त्यात विद्यार्थीही होते. रस्ता आपल्या खात्याचा नाही, मान्य. पण विधी महाविद्यालयापासून फर्ग्युसनपर्यंतच्या मुलांचं फुकटचं, बारमाही क्रीडांगण म्हणजे हीच टेकडी. तिच्याबद्दल शिक्षण खात्याने एकदा तरी तोंड उघडावं.

आता नेमकं काय करता येईल ते सांगते. दरवर्षी संलग्नीकरणासाठी विद्यापीठाची समिती महाविद्यालयात येते. ग्रंथालयातली पुस्तकं मोजते, प्रयोगशाळा बघते. तिच्या अर्जात आणखी एक प्रश्न घाला: विद्यार्थ्यांना रोज किती तास मोकळी जागा खुली असते आणि त्यातले मुलींना किती? मैदान भाड्याने द्यायला बंदी घालू नका, पण सोमवार ते शनिवार दुपारी बारा ते सहा ते विद्यार्थ्यांचंच राहील, अशी अट घाला आणि भाड्याचा हिशोब सूचनाफलकावर लावायला सांगा. ज्यांच्याकडे इंचभरही जागा नाही, त्यांचा जवळच्या उद्यानाशी किंवा शेजारच्या कॉलेजच्या मैदानाशी लेखी करार व्हावा. ओळखपत्र दाखवलं की आत. झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडा. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण आहे, आणि जुन्या महाविद्यालयांच्या आवारात अशी झाडं भरपूर आहेत. त्यांची यादी आमचे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी एका सत्रात करून देतील, तोच त्यांचा पर्यावरणाचा प्रकल्प धरा. पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न येईलच. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाने पावसाचं पाणी आवारातल्या तळ्या-विहिरींत साठवून दाखवलंय, तिथे एक अभ्यासगट पाठवा.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही. लागते ती वरून आलेली सही, कारण प्राचार्य स्वतःहून कुलूप काढायला कचरतात. उद्या मैदानावर कोणाचा पाय मोडला तर जबाबदार कोण, ही त्यांची भीती खोटी नाही. विद्यार्थ्यांच्या अपघात विम्यात मैदानावरच्या दुखापती स्पष्ट लिहिल्या, तर ती अडचणही दूर होईल.

नवं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं. त्याआधी परिपत्रक निघालं तर वेळापत्रक लावतानाच मैदानाचे तास त्यात धरता येतील. एकदा वेळापत्रक लागलं की डिसेंबरपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही.

कळावे,
आपली,
पुण्यातील एक प्राध्यापिका