गाडी शहाची, हातोडी कुणाची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इटालियन गाड्यांवरचं पान वाचलं. फोटो एकदम झकास, पण मथळ्यापासून फोटोखालच्या ओळींपर्यंत सगळं गाडी कुणाची होती यावरच, इराणचा शहा, आगा खान, अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमन, आणि शेवटी "श्रीमंतांचे चोचले" म्हणून विषय मिटवला. चोचले होतेच हो, नाही कोण म्हणतंय. पण ते पुरवणाऱ्यांचं नाव अख्ख्या पानात एकदाही नाही. मी कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून आकार देतात ते खातं) आयुष्य काढलेला माणूस, पत्र्याचं काम करणाऱ्याचं नाव गाळलं की लागतं, म्हणून लिहितोय.

शहाचीच गाडी घ्या. मासेराटी 5000 जीटी, 1959. मासेराटीने 1957 नंतर कंपनीची रेसिंग टीम बंद केली होती, त्याच वर्षी व्हेनेझुएलाच्या शर्यतीत त्यांच्या गाड्या ठोकल्या गेल्या, पैशांची चणचण होतीच, आणि 450एस रेसिंग कारचं ते दांडगं आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन आता वापरायचं कुठे हा प्रश्न. शहाला मासेराटीचीच 3500 जीटी आवडलेली पण त्याला अजून जोरदार काहीतरी हवं होतं, मग तेच इंजिन जवळपास 5 लिटरचं करून 3500 च्या चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, मजबुती देऊन त्यात बसवलं. इथपर्यंत मासेराटी. बॉडी चढवली मिलानच्या तूरिंगने, ही नुसत्या बॉड्या बनवणारी वेगळी कंपनी, अशा तिकडे बऱ्याच होत्या. पुढे अशा एकूण 34 गाड्या निघाल्या, त्यातल्या 22 ची बॉडी तुरिनच्या अल्लेमानोची, फियाटवाल्या जान्नी आन्येलीची पिनिनफरिनाकडून, आगा खान आणि मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष यांच्या फ्रुआकडून. तुम्ही यांच्या चारही फोटोंखाली मालकाच्या नावापुढे नुसतं "मासेराटी" छापलंय, पण एकीचा पत्रा दुसरीला लागणार नाही!

आपल्याकडे एसटीची उघडी चेसिस कंपनीतून येते आणि बॉडी दापोडीच्या वर्कशॉपमध्ये चढते, तसाच हा प्रकार, फक्त तिकडे प्रवासी दोनच.

आता काम कसं चालायचं ते. तूरिंगच्या फेलिचे बियांकी अँडरलोनीने 1936 मध्ये सुपरलेजेरा नावाची पद्धत पेटंट केली. बोटाएवढ्या पातळ स्टीलच्या नळ्या वाकवून गाडीच्या आकाराचा पिंजरा करायचा आणि वर अॅल्युमिनियमचा पत्रा, वजन एकदम कमी. ॲस्टन मार्टिनने डीबी4 साठी याचंच लायसन्स घेतलं. पत्रा ठोकायचा हाताने. अॅल्युमिनियम ठोकत गेलं की कडक होतं, मग गॅसच्या ज्योतीने तापवून मऊ करावं लागतं, पण ते तापलं तरी लोखंडासारखं लाल होत नाही, सरळ वितळून भोकच पडतं. म्हणून कारागीर आधी पत्र्यावर साबण घासतात, साबण काळा पडला की ज्योत बाजूला. ही नजर कॉलेजात शिकवत नाहीत. मोडेनाचा सर्जिओ स्काल्येत्ती तर वाळूच्या पोत्यावर पत्रा ठोकून नजरेच्या अंदाजाने फेरारीची बॉडी काढायचा. अशा गाड्यांच्या डाव्या-उजव्या बाजू मोजल्या तर थोडा फरक निघतोच, आमच्याकडे एवढा फरक आला असता तर इन्स्पेक्शनवाल्याने अख्खा लॉट परत पाठवला असता.

आणि बर्गमनबाईंच्या फेरारीबद्दल, ती 375 एमएम, त्यांचे पती, दिग्दर्शक रोबेर्तो रोस्सेलिनी यांनी त्यांच्यासाठी करून घेतलेली, बॉडी पिनिनफरिना, 1954 च्या पॅरिस मोटर शोमध्ये मांडली होती. पण त्याच रोस्सेलिनीची स्वतःची 375 एमएम अपघातात सापडली आणि तिला नवीन बॉडी दिली स्काल्येत्तीने. 2014 मध्ये अमेरिकेत पेबल बीचच्या प्रदर्शनात पहिला नंबर त्याच गाडीने मारला. तुम्ही छापायला हवी होती ही गाडी, तर ती सोडून दिली.

हा धंदा बसला कारण मोनोकॉक आलं, म्हणजे चेसिस आणि बॉडी एकच. वेगळी चेसिस नसेल तर फॅक्टरीतून सगळं एकजीवच येतं, वरचा भाग कापून नवीन चढवायचा तर गाडीची ताकदच जाते. आणि एक डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, बनवायचा खर्च प्रचंड असतो, तो हजारो गाड्यांवर पसरला तरच परवडतो, एका शहासाठी कोण बनवणार. तूरिंग 1966 मध्ये बंद. असेच बॉडी बनवणारे आल्फ्रेदो विन्याले यांनी 1969 मध्ये कंपनी विकली आणि काही दिवसांतच कार अपघातात गेले. सगळ्यात वाईट गत गिया या बॉडीवाल्या कंपनीची, ती फोर्डकडे गेली आणि युरोपात एस्कॉर्ट-ग्रॅनडाच्या महागड्या मॉडेलच्या मागे चिकटवायचा बिल्ला झाली, आत वेलवेटच्या सीट आणि लाकडी पट्टी असली की झाली गिया. (आता आपल्याकडे चार स्टिकर लावून "लिमिटेड एडिशन" विकतात, त्याच जातीचं.)

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा मालकाच्या नावाआधी बॉडी कुणाची ते छापा, बहुतेक गाड्यांवर पुढच्या चाकामागे बॉडीवाल्याचा छोटा बिल्ला असतो, फोटोतही वाचता येतो. आणि पिनिनफरिनाला तुम्ही "इटालियन घराणं" म्हटलंय, पण 2016 मध्ये त्यातला सुमारे 76 टक्के हिस्सा महिंद्रांनी घेतला, मराठी पेपरात ही गोष्ट सुटावी याचं नवल वाटलं.

आपला,
एक नियमित वाचक, भोसरी