मोठ्या मुतखड्याची शस्त्रक्रिया यंत्रानं ठरवायची का? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

आमच्या सरकारी रुग्णालयात मोठ्या मुतखड्यांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुरू होणार, ही घोषणा आपण स्वतः केली होती. फीत कापलीत, फोटो छापून आले. दुर्बीणही खरंच आली. ती अजून खोक्यातच आहे, कारण युरोलॉजिस्टची जागा भरलेली नाही आणि शस्त्रक्रियेच्या वेळी एक्स-रे दाखवणारा सी-आर्म बंद पडलाय. मला हे कळलं तेव्हा मी त्याच रुग्णालयात तापानं फणफणत पडले होते.

माझ्या उजव्या किडनीत तीन सेंटिमीटरहून मोठा खडा होता. दोन सेंटिमीटरच्या पुढच्या खड्याला पीसीएनएल हा पहिला पर्याय मानला जातो. पाठीतून किडनीपर्यंत छोटी वाट करायची, दुर्बिणीतून बघत खडा फोडायचा आणि तुकडे तिथूनच बाहेर काढायचे. युरोप आणि अमेरिका, दोन्हीकडच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटना हेच सांगतात. अमेरिकन सूचनांत तर स्पष्ट लिहिलंय की एवढ्या खड्यासाठी बाहेरून धक्कालहरी देण्याचा उपचार पहिला म्हणून सुचवू नये. मला तोच दिला, आणि पुन्हा पुन्हा दिला, कारण तेवढंच यंत्र चालू होतं.

खडा फुटला, पण तुकडे मूत्रवाहिनीत एकामागे एक अडकून बसले. लघवी तुंबली, तिच्यात जंतुसंसर्ग झाला. ती कळ ज्यानं सोसली त्यालाच कळेल. कुशीवर वळता येत नव्हतं, उलट्या थांबत नव्हत्या, आणि शेजारच्या खाटेवरची बाई माझा हात धरून बसली होती कारण माझ्याकडे यायला नर्सला वेळ नव्हता. घाईघाईनं आत डीजे स्टेंट, म्हणजे लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी, घातला. ताप उतरला, पण उजवी किडनी आता पूर्वीसारखं काम करत नाही.

मग कर्ज काढून खासगी रुग्णालयात गेले. तिथे आरआयआरएसचं लेझर होतं, म्हणून आरआयआरएस. मूत्रमार्गातून लवचिक दुर्बीण वर नेतात, कुठे छिद्र नाही, रक्तस्राव कमी. लहान खड्याला उत्तमच आहे. पण मोठा खडा एका बैठकीत साफ होईलच असं नसतं. वेळ लांबला की आत सोडलेल्या पाण्याचा दाब वाढतो, आणि जंतू रक्तात जाण्याचा धोकाही. खड्यात आधीच जंतू असतील तर बघायलाच नको. हे मला टेबलावर घेण्याआधी कुणी सांगितलं का? संमतीपत्रावर सही मात्र घेतली.

पीसीएनएल निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. जवळपास १२,००० रुग्णांच्या एकत्रित आढाव्यात ७ टक्क्यांना रक्त द्यावं लागलं, सुमारे ११ टक्क्यांना ताप आला, ०.४ टक्के रुग्णांची रक्तवाहिनी आतून बंद करावी लागली. मिनी-पीसीएनएलमध्ये ८ ते १० मिलिमीटरऐवजी ५-६ मिलिमीटरची वाट करतात. रक्त कमी जातं, वेळ जास्त लागतो. पालथं झोपवण्याऐवजी उताणं झोपवूनही ही शस्त्रक्रिया होते. मग भूल देणाऱ्यांना सोपं पडतं आणि खालून-वरून एकाच वेळी दुर्बीण घालता येते. खडा किडनीच्या तोंडाशी असेल आणि ती वाटच अरुंद असेल, तर लॅप्रोस्कोपीनं, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून, खडा काढणं आणि वाट रुंद करणं ही दोन्ही कामं एकदम करता येतात. पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आता मोजक्याच अवघड रुग्णांसाठी उरली आहे. हे सगळं मी अंथरुणावर पडून वाचलं. डॉक्टरांनी ते दहा मिनिटांत समजावलं असतं, पण बाहेर रांग आणि आत एकच डॉक्टर, त्यांच्यावर तरी किती राग काढणार?

राग तुमच्यावर आहे. पीसीएनएलचं पहिलं वर्णन १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं. इतक्या जुन्या शस्त्रक्रियेसाठी तुम्ही यंत्र घेतलंत, पण माणूस नेमला नाहीत, कारण यंत्राचं उद्घाटन करता येतं आणि रिकाम्या जागेवर तज्ज्ञ आणला तर त्याचा फोटो कुणी छापत नाही. खरेदी झाली की खात्याचं काम संपतं. एका खड्यासाठी बाईला तीनदा टेबलावर घेतलं तर तुमच्या अहवालात तीन शस्त्रक्रिया जमा होतात. शेवटच्या सीटी स्कॅनमध्ये खडा उरला की गेला, हा रकाना कुठेच नसतो. तो रकाना घाला. रुग्णालयाकडे जी सोय नाही तिचंही नाव रुग्णाला सांगणं आणि ती असलेल्या ठिकाणी सरकारी खर्चानं पाठवणं सक्तीचं करा. आणि रिकामी जागा भरण्याची तारीख लेखी द्या, मला भाषण नको.

आणखी एक. स्टेंट घातलेल्या रुग्णांची साधी नोंदवही तरी ठेवा. तो वेळेत काढला नाही तर त्याच्यावरच खडे धरतात. माझा अजून आत आहे. लघवीला जळजळ होते, चाललं की रक्त जातं, आणि दोन्ही रुग्णालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. तो कोण काढणार आणि कधी, एवढं या आठवड्यात कळवा.

आपली,
एक रुग्ण