जाहिरात १९२८ची, पण पेटी?

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या सॉकेट-पान्यांच्या पेटीचे फोटो आणि त्या अमेरिकन जाहिरातीची प्रत मिळाली. पेटी देखणी आहे. पण जाहिरात १९२८ची म्हणून पेटीही १९२८ची, हे मला पटत नाही.

जाहिरातीवरून एवढंच कळतं की तेव्हा तो सेट विक्रीला होता. आधी किती वर्षं निघत होता, पुढे किती वर्षं निघाला, यावर ती गप्प असते. त्यात चित्रावर तर अजिबात विसंबू नकोस. कंपन्या छपाईचा ठसा एकदा करून घेत आणि तोच वर्षानुवर्षं वापरत. हत्यार बदललं तरी कॅटलॉगात चित्र जुनंच. मी आधी मजकूर वाचतो. सेटचा नंबर, नगांची यादी, मापं, मूठ कशाची, मुलामा कशाचा. एकाच कंपनीचे लागोपाठचे कॅटलॉग हाती लागले तर सोनंच! नंबर कुठल्या वर्षी पहिल्यांदा दिसला आणि कुठल्या वर्षी यादीतून गळला, हे एकदा सापडलं की निम्मं काम झालं.

आता तिसरा फोटो बघ. उजव्या कोपऱ्यात फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आहे, म्हणजे फिलिप्स. हेन्री फिलिप्सची पेटंटं १९३६ची, आणि कॅडिलॅक गाड्यांत ते स्क्रू आले तेही त्याच सुमारास. हा नग मागाहून कुणी ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. पण तो ज्या खाचेत बसलाय ती त्याच्याच मापाची दिसते, आणि तिथलं कापडही बाकीच्या कापडाइतकंच विटलंय. तो मूळचाच असेल तर १९२८ विसर. सेटचं वय त्यातल्या सगळ्यात नव्या मूळ नगावरून धरायचं, सगळ्यात जुन्यावरून नाही. स्टॅन्ली या अमेरिकन हत्यार-कंपनीच्या रंध्यांचं बघ ना: १९०२च्या पेटंटच्या तारखेशेजारी १९१०चीही तारीख ओतलेली असते, तरी लोक तो रंधा खुशाल १९०२चा म्हणून विकतात. मला याचा फार राग येतो.

रॅचेटच्या, म्हणजे सॉकेट फिरवायच्या दांड्याच्या, मुठीवर पेटंटचा नंबर अर्धवट दिसतोय. कोरड्या फडक्याने पूस, पॉलिश पेपर लावू नकोस, आणि तिरप्या उजेडात पुन्हा फोटो काढ. अमेरिकन पेटंटांनी दहा लाखांचा आकडा १९११मध्ये गाठला, वीस लाखांचा १९३५मध्ये आणि तीस लाखांचा १९६१मध्ये. नंबर नीट वाचता आला की त्याचं वर्ष शोधायला वेळ लागत नाही.

सॉकेटवरचा क्रोमचा मुलामा मूळचाच वाटतो. दुसऱ्या महायुद्धात क्रोम आणि निकेल युद्धसामग्रीकडे वळलं होतं, त्यामुळे त्या वर्षांतली बरीच हत्यारं मुलाम्याशिवाय किंवा काळी निघाली. म्हणून तुझी पेटी बहुधा युद्धाच्या थोडी आधीची किंवा नंतरची.

नेमकी कुठली, ते कदाचित झाकणाच्या आतला कागद सांगेल. त्यावर कंपनीचा पत्ता आहे, पण फोटोत चकाकीमुळे वाचता येत नाही. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी अंक आहे का बघ. टपाल विभागांचे ते अंक अमेरिकेत १९४३मध्ये सुरू झाले, आणि पाच आकडी झिप कोड १९६३मध्ये. तेवढं लगेच कळव, म्हणजे १९३८-४१चे कॅटलॉग आधी चाळायचे की १९४६ नंतरचे, ते मला ठरवता येईल.

तुझा,
विनय